माझ्याच रक्ताचं सोनं

माझे केस गळायला लागले तेव्हा मी लखनौच्या एका सरकारी प्रयोगशाळेत कनिष्ठ शास्त्रज्ञ होतो. केस निम्मे उरले तेव्हाही कनिष्ठच होतो. त्या दहा वर्षांत प्रगती केली ती फक्त टकलाने.

एका रविवारी सुजाताने, म्हणजे माझ्या बायकोने, पेपरातून डोकं वर काढलं.

"अहो, आपलंच रक्त काढून त्यातला काही भाग आपल्याच डोक्यात टोचतात म्हणे. केस येतात!"

"म्हणजे डासाच्या उलट," मी म्हणालो. (ती हसली नाही. तिने फोन लावून वेळ घेतली.)

आमची सई तेव्हा दहावीत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं.

"पापा, मैं भी चलूँगी! सुई लगते हुए देखना है."

"कोणाला?"

"आपको!"

असे आम्ही तिघं विकास नगरहून लखनौच्याच महानगर नावाच्या भागातल्या त्या क्लिनिकमध्ये पोचलो. सुजाता लखनवी चिकनच्या भरतकामाचा नवा पांढरा कुर्ता घालून आली होती. डॉक्टरीणबाई तरुण आणि स्पष्टवक्त्या होत्या. "केस येतीलच अशी गॅरंटी नाही, तीन-चार वेळा यावं लागेल," असं त्यांनी हिंदीत बजावलं आणि आम्हाला तंत्रज्ञ मिश्राजींच्या हवाली केलं. मिश्राजींनी माझ्या हातातून रक्त काढलं, नळी यंत्रात ठेवली. रक्त गरगर फिरवून त्याचे थर वेगळे करणारं यंत्र! मी नोकरीत रोज हेच चालवतो. गप्प कसा बसणार?

"सामने बराबर वजन की ट्यूब रखी?"

"जी सर."

"पक्का?"

"जी सर. आप डॉक्टर हैं?"

"साइंटिस्ट," मी म्हणालो. (शेजारच्या खोलीत डॉक्टरीणबाईंना ऐकू जाईल इतपत.)

यंत्र थांबलं. मिश्राजींनी नळी बाहेर काढली, बूच उघडलं, आणि मी पुढे वाकून बघायला लागलो. अशा हजारो नळ्या मी पाहिल्यात. पानांचा रस, मुळांचा रस, गोमतीचा गाळसुद्धा. पण नळीत मी स्वतः कधी नव्हतो! तळाशी गडद लाल, मग सायीसारखी पांढरी रेघ, आणि वर मधाच्या रंगाचं, पारदर्शक, चक्क चमकणारं काहीतरी.

सुजाता खुर्चीतून उठून जवळ आली. "अहो... हे तुमच्यातलं आहे?"

लग्नानंतरच्या सतरा वर्षांत माझ्या कुठल्याच गोष्टीबद्दल ती इतक्या आदराने बोलली नव्हती. सईने मोबाइल खाली ठेवला. (मोबाइल! खाली!)

"पापा, आपके अंदर गोल्ड है!"

इथे मी फुगलो. "ज़रा दीजिए," म्हणत मिश्राजींच्या हातातून नळी घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. "ही पांढरी रेघ बघा. हिच्या आसपासच प्लेटलेट्स असतात. जखम भरून काढणारे कण! आपण झोपलेलो असलो तरी यांचं काम चालूच..." दोघी तोंड उघडं ठेवून ऐकत होत्या. व्याख्यान संपलं आणि माझ्या हाताने, प्रयोगशाळेत नळी पुढे देण्याआधी तो रोज करतो तेच केलं. मिसळण्यासाठी नळी उलटी केली.

बूच उघडलेलं होतं.

सोनं, साय, लाल, सगळं माझ्या शर्टावर आणि सुजाताच्या पांढऱ्या चिकनवर!

"सर, ये क्या किया आपने?" मिश्राजी कळवळले.

"आदत..." मी पुटपुटलो.

हात धुवायला बाहेर आलो. बाहेर एक विरळ केसांचे गृहस्थ आपल्या पाळीची वाट बघत बसले होते. त्यांनी छातीपासून गुडघ्यापर्यंत रक्ताळलेला मी पाहिला, मागून कुर्ता झटकत येणारी सुजाता पाहिली, शांतपणे हेल्मेट उचललं आणि निघून गेले.

"रुकिए भाईसाहब, इलाज अच्छा है!" मी ओरडलो. ते पळायला लागले.

डॉक्टरीणबाई आल्या. "सर, अब आप बस ख़ून दीजिए. बाक़ी हम देख लेंगे."

दुसऱ्या हातातून पुन्हा रक्त काढलं. या वेळी मिश्राजींनी नळी मला दोन हात लांबून दाखवली. तेच सोनं! मी एक नळी सांडून वाया घालवली होती, आणि या देहाने तक्रारीचा शब्द न काढता दुसरी भरून दिली होती. माझे डोळे भरून आले. मग टाळूवर सुया सुरू झाल्या आणि ते वाहायलाही लागले. सईने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. सुया बघायला आलेली ती पोरगी शेवटपर्यंत डोळे मिटून होती.

महिन्याने आम्ही पुन्हा गेलो. काउंटरवर नवी मुलगी होती. फॉर्म भरताना तिने विचारलं, "सर, क्या काम करते हैं आप?"

मी तोंड उघडायच्या आत सुजाता म्हणाली, "बैंक में हैं."

मी मान डोलावली.