बिलाच्या पाठीमागची ओळ

नव्या लॅपटॉपच्या खोक्याला एक वास असतो — कोरड्या पुठ्ठ्याचा, थर्माकोलचा, आणि त्याखाली किंचित गोडसर, अजून एकदाही न तापलेल्या प्लॅस्टिकचा. आजही कुणी माझ्यासमोर असे खोके उघडले की मी काहीतरी निमित्त काढून उठते. खिडकी उघडायला जाते, पाणी आणायला जाते. का उठते, हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. भावाला नाही, मैत्रिणीला नाही, कवितेलाही नाही — आणि कवितेला मी पुष्कळ काही सांगत आले आहे. तुम्हाला सांगते आहे. तुम्ही विनूला ओळखत नाही, हे बरे आहे.

विनू माझा धाकटा भाऊ. आमचे घर शिवाजी पेठेत. पण विनू घरापेक्षा तालमीचा अधिक. आमच्याकडे पेठापेठांतल्या तालमींचेच फुटबॉल संघ असतात. तालमीच्या फुटबॉल संघात तो डाव्या बाजूने खेळे. एका मोसमात पलीकडच्या पेठेच्या संघाशी सामना होता, आणि त्यात त्याचा गुडघा गेला. चूक कुणाची, यावर आमच्या पेठेत एकमत होते, आणि त्यांच्याही पेठेत एकमत होते. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पुन्हा खेळणार नाही. चोवीस वर्षांचा माझा भाऊ भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला.

तेव्हा तालमीने एक फार सुंदर गोष्ट केली. सुंदर होती, म्हणूनच तिचे मी काय केले ते सांगणे अवघड जाते. सदाभाऊ घरी आले — तालमीतले जाणते, पेठेत त्यांचा शब्द खाली पडत नसे. म्हणाले, पोरांनी वर्गणी काढली आहे, विनूला लॅपटॉप घेऊन द्यायचा. फुटबॉलचा गेम चालेल असा. पडल्या पडल्या मांडीवर घेऊन खेळेल, पोरेही भोवती येऊन बसतील. लॅपटॉप तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरात नव्हते. भारीतल्या यंत्राचे कुणी नावही काढले नाही. परवडणारा हवा आणि त्यावर गेम चालला पाहिजे — अट एवढीच. निवडायचे काम माझ्याकडे आले. मी कॉलेजात मराठी शिकवत होते, खोक्यावरचे इंग्रजी मला वाचता येत होते, आणि मुख्य म्हणजे — मी फसत नाही, अशी माझी ख्याती होती.

ही ख्याती मी कष्टाने मिळवली होती. आई लवकर गेली, घर माझ्या हाती आले, आणि मी दुधाचा थेंब नखावर धरून पाहायला शिकले. तांदळाचा दाणा दाताखाली चावून त्याचे वय सांगायला शिकले. भाजीवालीच्या तराजूपेक्षा तिच्या करंगळीकडे पाहायला शिकले. समोरचे माणूस आपल्याला लुटणारच आहे. कसे लुटते आहे, एवढेच ओळखायचे. याला मी शहाणपण म्हणत असे. तुम्हीही कदाचित म्हणत असाल.

कमी किमतीत चांगले लॅपटॉप पुण्याहून आणून देणारा शहरात एकच माणूस आहे, असे सगळे सांगत. त्याचे नाव ईरण्णा. दुकानाला पाटीसुद्धा नव्हती. एकाने दुसऱ्याला सांगावे, दुसऱ्याने तिसऱ्याला — त्या सांगण्यावरच ते चालले होते. फक्त दुकान पलीकडच्या पेठेत होते. सदाभाऊ जिना उतरताना मागे वळून म्हणाले, “माल चांगला देतो म्हणत्यात, ताई. पर त्यांच्या पेठंत हाय. डोळं उघडं ठेवून घ्या.”

डोळे उघडे ठेवा — हे मला सांगायचे?

जिन्याखालची खोली. उदबत्तीचा आणि तापलेल्या तारांचा एकत्र वास. भिंतीवरच्या खिळ्याला त्यांच्या संघाचा रुमाल लटकत होता. रुमाल पाहिला आणि माझ्यापुरता निकाल लागून गेला. तो रुमाल घरमालकाच्या मुलाचा होता, हे मला फार उशिरा कळले. ईरण्णा सीमेकडच्या गावचा, तिशीतला, कपाळावर भस्माची पुसट रेघ. मराठी बोलताना शब्दाच्या शेवटी कन्नड हेल येई. मला तो ताई म्हणाला नाही, अक्का म्हणाला. माझ्या कानांना तो शब्द गोड लागला, म्हणून मी अधिक सावध झाले.

त्याने दोन लॅपटॉप समोर ठेवले. किंमत जवळजवळ सारखीच. एक काळा, जाडजूड, बाजूला गरम हवेसाठी माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी. दुसरा चंदेरी, सडपातळ. त्याच्या झाकणावर तळवा ठेवला तर सकाळच्या कळशीसारखा गार.

“अक्का, गेमला ह्यो काळा घ्या,” तो म्हणाला. “दिसायला रेडा हाय, पर गेमसाठी आत येगळं कार्ड हाय. त्यो दुसरा नुसता देखणा. कागदं लिवायला झ्याक. गेम न्हाय चालायचा त्येच्यावर.”

मी विचारले, काळा मागच्या वर्षीचा ना? व्हय, मागच्या वर्षीचाच, म्हणून तर परवडतो, असे तो म्हणाला. इतक्या सरळपणे म्हणाला की मला तो सरळपणाच खटकला. जुना माल आहे, बाई आहे, शिवाजी पेठेतली आहे, हिच्या गळ्यात मारावा — असे त्याच्या मनात चालले असणार, हे मी त्याच्या चेहऱ्यावर वाचले. म्हणजे, मी ते तिथे लिहिले आणि मग वाचले.

त्याने आणखीही सुचवले. अर्धा तास बसा, दोन्हींवर गेम घालून दाखवतो, तुमच्या डोळ्यांनी बघा. मी म्हणाले, मला कॉलेजात तास आहे. मला तास नव्हता. त्या दुपारी मला कुठेच जायचे नव्हते. मग का नाही थांबले? — थांबा, त्याकडे मी येणार आहे. अजून धीर होत नाही.

मी चंदेरी घेतला. ईरण्णाने वाद घातला नाही. त्याची एक रीत होती, पुढे कटकट नको म्हणून पाळलेली: बिल केले की ते उलटे करायचे, आणि गिऱ्हाइकाला काय सांगितले ते पाठीमागे स्वतःच्या हाताने लिहायचे. त्याने लिहिले — ‘गेमसाठी नाही. सांगून दिला.’ खाली सही केली आणि कागद माझ्याकडे वळवून, वाचा म्हणाला. मी वाचले. घडी घातली आणि पिशवीतल्या कवितांच्या वहीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमची खोली भरून गेली. तालमीतले दहाबारा जण, कुणाच्या हातात भडंगाचा पुडा, विनू उशीला टेकून मधोमध. कितीतरी दिवसांनी त्याने दाढी केली होती. गेम सुरू झाला. हिरवे मैदान उजळले, गर्दीचा आवाज आला — आणि पहिल्याच धावेत खेळाडू थबकला. एक पाय हवेत उचललेला, चेंडू पुढे, आणि सगळे तसेच गोठलेले. मग एक हिसका, दोन पावले, पुन्हा तेच.

“ह्येचा बी गुडघा गेला काय?” विनू म्हणाला. सगळे हसले. तोही हसला. तिसऱ्यांदा तसे झाले तेव्हा कुणी हसले नाही. त्याने अलगद झाकण मिटले, आणि त्याचे तोंड पुन्हा भिंतीकडे वळायला लागलेले मी पाहिले.

सदाभाऊंनी मला विचारले, “त्यानं सांगितलं न्हवतं व्हय, ताई?”

इथे एक क्षण होता. खरे तर अनेक क्षण होते, मला ते मोजता आले असते इतके. सांगितले होते, मीच ऐकले नाही — पाच शब्दांचे वाक्य. मी फसत नाही अशी ख्याती असलेल्या बाईला ते पाच शब्द जड झाले.

“गेमसाठी हाच चांगला, असं म्हणाला,” मी म्हणाले.

एवढेच. पुढचे सगळे आपोआप घडत गेले. मी फक्त वाटेतून बाजूला झाले नाही. पोरे उठली. गुडघाही त्यांनीच घेतला आणि आता वर्गणीही त्यांनीच खाल्ली — असे कुणीतरी म्हणाले, आणि कुणालाच पुरावा मागावासा वाटला नाही. पलीकडच्या पेठेचा माणूस, एवढा पुरावा आमच्याकडे पुरत असे. मला त्यांनी सोबत दुकानात नेले, साक्षीला.

ईरण्णा आवाज न चढवता म्हणाला, अक्कांना सांगूनच दिला आहे, बिलाच्या मागे लिहिले आहे, बिल त्यांच्याकडे आहे. सगळी तोंडे माझ्याकडे वळली. वही माझ्या पिशवीत होती. पिशवी माझ्या खांद्यावर होती.

“बिल त्यांनी दिलंच नाही,” मी म्हणाले.

त्याने बिलबुक काढून कार्बनची प्रत दाखवली. तिच्यावर बिल होते. पाठीमागची ओळ कार्बनवर कशी उमटणार? सदाभाऊ म्हणाले, “कार्बन दाखवतोस आणि बिल देत न्हाईस, व्हय रं?” काळा लॅपटॉप आदल्याच संध्याकाळी विकला गेला होता, आठ दिवसांत दुसरा आणतो, हा परत घेतो, असेही तो म्हणाला. पण आता त्याच्या हातून काही घेणे हा पेठेचा अपमान झाला असता. तो माझ्याकडे पाहत राहिला. रागाने नव्हे. गणित चुकले की मूल पाटीकडे पाहते, तसा — आपले कुठे चुकले, हे शोधत.

पुढच्या सामन्याला आमच्या बाजूच्या पोरांनी एक नवी आरोळी काढली. त्यांच्या खेळाडूकडे चेंडू गेला की — बिल दाखव, बिल दाखव. आधी दहा जण, मग शंभर, मग अर्धे स्टेडियम टाळ्यांच्या ठेक्यावर. विनू त्या दिवशी काठी टेकत सामना पाहायला गेला होता, अपघातानंतर प्रथमच. तो पोट धरून हसला म्हणे. त्या हसण्यासाठी मी गप्प राहिले, असे मी स्वतःला कित्येक वर्षे सांगितले. ते खरे नाही.

ती आरोळी त्यांच्या पेठेला झोंबली, आणि त्यांनी राग काढला तो आमच्यावर नाही, ईरण्णावर. बाहेरून आलास आणि आमच्या नावाला काळे फासलेस, असे म्हणून घरमालकाने खोली खाली करायला लावली. तसेही गिऱ्हाईक थांबलेच होते. ज्या सांगण्यावर दुकान चालले होते, तेच सांगणे उलटे फिरले होते. कागलकडे कुठल्याशा कारखान्यात लागला, एवढे कानावर आले. मी ऐकले आणि विषय बदलला.

आता ते, ज्यासाठी मी इतके वळसे घेतले.

विनूने तो लॅपटॉप माझ्याकडे सरकवला — तूच घे ताई, तुझ्या तरी उपयोगी पडेल. मी घेतला. आढेवेढे न घेता घेतला. त्यावर मी कविता टंकित केल्या, माझा पहिला संग्रह त्यावर तयार झाला. कळा दाबताना सुपात जोंधळे पडावेत तसा मऊ आवाज येई. तो आवाज मला नवा नव्हता. दुकानात, ईरण्णा काळ्या यंत्राबद्दल बोलत होता तेव्हा, माझी बोटे चंदेरी कळांवरून फिरतच होती. कागदं लिवायला झ्याक, असे तो म्हणाला आणि माझ्या आत काहीतरी लख्ख उजळले. तो खरे बोलतो आहे, हे मला कळले होते. पूर्ण कळले होते. अर्धा तास थांबले असते, तर काळाच घ्यावा लागला असता. मी त्याच्यावर संशय घेतला नव्हता — संशय पांघरला होता. इतकी वर्षे जपलेला तो शहाणपणा, एका हव्याशा वस्तूवर टाकायला मला पदरासारखा उपयोगी पडला. भावाच्या गुडघ्यासाठी जमवलेली भेट मी माझ्या बोटांसाठी निवडली.

विनू आता मुलांना फुटबॉल शिकवतो. ती गोष्ट अजून रंगवून सांगतो, आरोळीसकट. माझ्यासमोरही सांगतो. मी चहा गाळत असते. बिल मी फाडले नाही. ते त्या वहीत आहे, शाई जराशी विटली आहे, अक्षर स्पष्ट आहे.

त्या सामन्यानंतर दोनतीन वर्षांनी एका वक्तृत्व स्पर्धेची परीक्षक म्हणून मी गारगोटीच्या एका शाळेत गेले. निकाल टंकित करायला त्यांनी मला संगणकाच्या खोलीत बसवले. एक माणूस जमिनीवर मांडी घालून उघडे यंत्र पुसत होता. केस कानांजवळ अकाली पांढरे, कपाळावर भस्माची तीच पुसट रेघ. मी पिशवीतून लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला, तेव्हा त्याने मान वर केली. आधी त्या चंदेरी झाकणाकडे पाहिले, मग माझ्याकडे. आमच्या दोघांखेरीज तिथे कुणी नव्हते. बोलायला मला कुणीही अडवले नव्हते. तो उठला, फडक्याला हात पुसले, जवळ आला, आणि विकलेल्या मालाची प्रत्येक दुकानदाराने करावी तशी, अगदी साधी चौकशी केली —

“चालतोय?”