मातीला गॉगल

माझा चष्मा माझ्यापेक्षा हुशार आहे, हे मला सोलापूरच्या एका दुकानात कळलं. दुकानदार म्हणाला, "सर, हे स्मार्ट मटेरियल. काचेतले रेणू उन्हात आकार बदलतात आणि काच काळी होते. सावलीत आलात की पुन्हा पांढरी. तुम्ही काहीच करायचं नाही." तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला 'काहीच करायचं नाही' म्हटल्यावर तो दुसरं काय ऐकणार? मी लगेच हो म्हणालो.

तेव्हा मे महिना होता. मेमध्ये आमच्या धाराशिवात माणूस दोन दिवसांत काळा पडतो, पण काच काही धड काळी होईना. फोन केला तर दुकानदार म्हणतो, "उष्णता जास्त असली की ते रेणू लगेच माघारी फिरतात, सर. थंडीत बघा कसं काम करतं." म्हणजे उन्हापासून वाचवणारा चष्मा, पण ऊन सौम्य असेल तेव्हाच. आमच्या जिल्ह्यात हा माल खपवणाऱ्याची खरं तर मिरवणूक काढायला हवी.

जानेवारीत चुलती गेली. माझी आई लवकर गेल्यावर तिनंच मला वाढवलं. स्वतःच्या मुलात आणि माझ्यात तिनं कधी फरक केला नाही. तो आम्ही दोघांनी केला, शेताच्या हातभर बांधावरून. चार वर्षं आमचं बोलणं बंद होतं. बांध माझ्याच सांगण्यावरून कोरला गेला होता, हे मला ठाऊक होतं आणि त्यालाही. चुलती दर वेळी म्हणायची, "एकदा बोल की रं त्याच्याशी." मी म्हणायचो, बघू. तिच्या गावी, तामलवाडीला जाताना एसटीत मी एवढंच ठरवलं की आज त्याला जवळ घ्यायचं आणि चूक माझी होती म्हणून सांगायचं.

स्टँडवरून चालत निघालो. आभाळ स्वच्छ, वारा गार. रेणूंना असा मुहूर्त मेपासून मिळाला नव्हता. अंगणात पोचलो तोवर काच काजळासारखी काळी झालेली. सगळे मान खाली घालून बसलेले आणि मधे मी, हिरो.

"गॉगल लावून मातीला आलंय बघा," एक म्हातारा म्हणाला, आणि हळू म्हणाला असंही नाही. चुलतभावानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं.

इथं माझ्यातला मास्तर जागा झाला. कुठं गप्प बसावं हे त्या बेट्याला कधी कळलंच नाही. "गॉगल न्हाय, आबा. नंबरचाच हाय. उन्हानं काळा होतो," मी समजावलं. आबांना पटेना. म्हणून चष्मा काढून त्यांच्याच हातात दिला. त्यांनी तो उपरण्याखाली धरला, मग उन्हात, मग पुन्हा उपरण्याखाली. चार जण सरकून जवळ आले. "व्हय की, पांढरा व्हायलाय." "लई भारी. कुठं मिळतो?" आत चुलतीला आंघोळ घालत होते आणि अंगणात मी कंपनीचा फुकटचा एजंट झालो होतो. मला भयंकर लाज वाटली. चष्मा तिथंच सोडून मी उठलो.

चष्म्याविना मला माणसं म्हणजे नुसते पांढरे ठिपके. तिरडीजवळ एक उंच ठिपका उभा होता. हाच तो, असं धरून मी सरळ त्याच्या गळ्यात पडलो आणि रडत रडत सगळं ओकून टाकलं. "बांध म्याच कोरायला लावला. ती सांगून सांगून थकली, पण मी आलो न्हाय. माफ कर मला."

तो माणूस अवघडला. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मी मेव्हणा हाय त्यांचा. दाजी तुमच्या मागं उभे हायत."

मी वळलो. चुलतभाऊ हातभर अंतरावर होता, आबांकडून घेतलेला माझा चष्मा हातात धरून. त्यानं सगळं ऐकलं होतं. चष्मा त्यानं स्वतःच माझ्या डोळ्यांवर चढवला. चार वर्षांत त्याचे केस पार पिकले होते.

"हे काल म्हणाला असतास," तो म्हणाला, "तर आयनं ऐकलं असतं."

तिरडी उचलायची वेळ झाली तेव्हा त्यानं मेव्हण्याला बाजूला केलं आणि पुढचा खांदा मला दिला.