उसाच्या ट्रॉल्या आणि आमचं मंत्रिमंडळ

नववीत असताना मी आमच्या हायस्कूलची मुख्यमंत्री होते. कोल्हापूर शहर संपून रत्नागिरी रस्ता सुरू होतो तिथं आमची शाळा. निम्मी मुलं शहरातली, निम्मी आसपासच्या गावांतून एसटीनं नाहीतर सायकलनं येणारी. शाळा सुरू झाल्यावर मंत्रिमंडळाची निवडणूक व्हायची. आमच्या भूगोलाच्या सरांनी मोबाईलवर मतदान यंत्र तयार केलं होतं. बटण दाबलं की लांब शिटीसारखा आवाज यायचा, आणि त्या आवाजासाठी पाचवीची पोरं मत देऊन परत रांगेत घुसत होती. माझ्याविरुद्ध उभा राहिलेला मुलगा माझ्याच वर्गातला. त्याच्या वडिलांचं वेल्डिंगचं दुकान होतं. तो थोडक्यात हरला, म्हणून सरांनी त्याला उपमुख्यमंत्री केलं. शपथ घेताना त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आरोग्यमंत्री झाली. तिचं काम म्हणजे पाण्याच्या टाकीवर झाकण आहे का ते बघायचं आणि लहान मुलांची नखं तपासायची. ते ती इतक्या कडकपणे करायची की पाचवीची पोरं तिला बघून हात खिशात घालायची.

पहिले काही महिने ठरल्याप्रमाणे गेले. आम्ही झाडं लावली. खड्डे नवे खणावे लागलेच नाहीत, मागच्या वर्षीचे तसेच मोकळे होते. गणपतीत पंचगंगेच्या घाटावर उभं राहून निर्माल्य गोळा केलं. आजी-आजोबांना शाळेत बोलावून त्यांचे पाय धुतले. प्रत्येक कार्यक्रमाचे फोटो निघाले आणि शाळेच्या ग्रुपवर पडले. फोटो बघून घरच्यांना बरं वाटायचं, मलाही वाटायचं. पण मैत्रीण एकदा म्हणाली, "आपण मागच्या वर्षीच्यांनी केलं तेच करायलोय. आपल्याला काय सुचतच न्हाय काय?"  

दिवाळी झाली आणि साखर कारखाने सुरू झाले. आमच्याकडं हंगाम सुरू झाला की रस्त्याचं रूपच बदलतं. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, त्यात डोंगराएवढा ऊस, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर मोठ्यानं गाणी लावलेली. पुढून गाणी ऐकू येतात, पण मागून त्या ट्रॉलीला ना दिवा ना काही. अंधारात ती रस्त्यात उभी असली तर अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही.

मैत्रिणीचे वडील पहाटे गावातलं दूध मोटारसायकलवरून डेअरीला घालायचे. एका पहाटे धुकं होतं. टायर फुटलेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. ड्रायव्हरनं मागं झाडाची फांदी टाकली होती, पण अंधारात फांदी कुणाला दिसणार? ते कॅनसकट ट्रॉलीवर जाऊन आदळले. मांडीचं हाड मोडलं, हाताला मार बसला. जीव वाचला हेच मोठं, असं सगळे म्हणत होते.

ते दवाखान्यातून घरी आल्यावर आम्ही मंत्रिमंडळातली सगळी मुलं त्यांना भेटायला गेलो. सफरचंदं घेतली होती, वर्गानं सह्या केलेलं एक कार्ड होतं. वडील सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, कॉटवर पडून होते. मैत्रीण गोठ्यातनं हात धुऊन आली. आता दोन म्हशींचं सगळं तिच्याकडं आणि तिच्या आईकडं आलं होतं, त्यामुळं तिची शाळा बुडत होती. तिनं पिशवी घेतली, आत बघितलं, आणि आम्हाला बाहेर अंगणात घेऊन गेली.

"सफरचंदं आणलासा, बरं झालं," ती म्हणाली. "पण उद्या आणि कुणाचातरी बाप धडकणार. तवा पण सफरचंदंच घेऊन जाणार?"

 उपमुख्यमंत्री म्हणाला, "मग आम्ही काय करायचं? ट्रॅक्टर आमचं हाईत काय?"

"तुम्ही मंत्री हाईसा न्हवं? मी पण हाय. ती ट्रॉली मागनं दिसंल असं कायतरी करूया. न्हायतर ते बिल्ले काढून टाका."

आमच्या शर्टावर बिल्ले होते. आम्ही ते काढले नाहीत.

ट्रॅक्टर माझ्या घरात मात्र होता. माझे वडील हंगामात ऊस ओढायचे. त्या संध्याकाळी ते जेवायला बसल्यावर मी विचारलं, "पप्पा, आपल्या ट्रॉलीला मागं लाईट हाय?"

"हुती. फुटली."

"मग बसवली न्हाय?"

"खेपा मारू का लाईटी बसवत बसू? ऊस भरताना दोन दिवसात परत फुटती. आणि समद्यांच्या तशाच हाईत."

"तिच्या वडलांनी धडक दिली ती पण तशीच हुती की."

आईनं मला डोळ्यांनी गप्प केलं. पप्पा उठले, हात धुतला आणि बाहेर गेले. मला वाटलं विषय संपला.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुख्याध्यापकांकडं गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रस्त्यावरची वाहनं हा पोलिसांचा विषय. उद्या तुमच्यातल्या एखाद्याला धक्का लागला तर पालकांना मी काय तोंड दाखवू?" त्यांचं चुकीचं नव्हतं. पण आमचंही डोकं फिरलेलं होतं. दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही कुणालाही न सांगता रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिलो. नंबरप्लेट रंगवणाऱ्या दुकानातनं उपमुख्यमंत्र्यानं रेडियमच्या लाल पट्टीचे उरलेले तुकडे आणले होते. अंधारात उजेड पडला की चमकणारी ती पट्टी आम्ही ट्रॉल्यांना चिकटवणार होतो. हात करून करून दुखले. एकही ट्रॅक्टर थांबला नाही. एकानं गाण्याचा आवाज कमी करून ओरडून विचारलं, "ए पोरी, लिफ्ट पायजे काय?" आणि आवाज परत वाढवून निघून गेला. अर्ध्या तासात भूगोलाचे सर स्कूटरवरून तिथं पोचले. कुणीतरी सांगितलं होतं. आमची वरात परत मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली.

मनसोक्त बोलणी खाऊन झाल्यावर मी म्हटलं, "सर, चालते ट्रॅक्टर थांबणारच नाहीत. पण कारखान्याच्या आवारात ते नंबर लावून उभे असतात. दिवस दिवस उभे असतात. तिथं गेलं तर? रस्त्यावर पाय ठेवायचा नाही."

 भूगोलाचे सर म्हणाले, "मी जातो बरोबर. पालकांची परवानगी आणा म्हणावं." मग मुख्याध्यापकांनीच कारखान्याच्या शेतकी खात्याला फोन लावला. तिकडून होकार आला. रविवारी सकाळी या म्हणाले.

मी माझी परवानगीची चिठ्ठी पप्पांच्या पुढं ठेवली. त्यांनी सही केली.

पहिला रविवार फसला. ट्रॉल्यांच्या मागच्या फळीवर चिखल, उसाचा रस आणि धूळ यांचा जाड थर असतो. आम्ही पोत्यांनी घासून घासून पट्ट्या चिकटवल्या. दुपारपर्यंत निम्म्या गळून खाली पडल्या. उरलेल्या ऊस उतरवताना निघतील हे दिसतच होतं. ड्रायव्हर हसत होते. तिथंच जमिनीवर बसून आम्ही डबे उघडले, पण कुणाला भूक नव्हती.

उपमुख्यमंत्री खाली पडलेली एक पट्टी हातात घेऊन बसला होता. "लोखंडाला चिकटवायचं न्हायच," तो एकदम म्हणाला. "पत्र्याला चिकटवूया आणि पत्रा तारंनं बांधूया. पडला तर परत बांधता येतंय."

"पत्रा कुठला?"

"गोड्या तेलाचा डबा असतोय की घरात. मी कापतो."

शाळेत त्यानंतरचा आठवडा नुसता डब्यांचा आवाज होता. मुलं घरून रिकामे डबे आणत होती. त्याच्या वडिलांनी दुकानात पत्रे कापून कडा वळवून दिल्या, कुणाचा हात कापू नये म्हणून. आम्ही कार्यानुभवाच्या तासाला ते धुऊन, पुसून, पट्ट्या चिकटवून खिळ्यानं भोकं पाडली. वडिलांच्या अपघातानंतर मैत्रीण त्या आठवड्यात पहिल्यांदा शाळेत आली. "म्हशींचं आवरूनच आलो," असं म्हणून ती सरळ भोकं पाडायला बसली. आमच्याकडच्या मुली 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. भोक पाडताना ती खिळ्यावर असे घाव घालायची की बाकाला पण भोकं पडली.

पुढच्या रविवारी आवारात आम्ही परत गेलो तेव्हा रांगेत पप्पांचा ट्रॅक्टर उभा होता. मी त्यांच्याकडं गेले नाही. दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. तिथला ड्रायव्हर मान हलवून नको म्हणाला. मी काही बोलणार एवढ्यात मागून पप्पांचा आवाज आला.

"ओ पावणं, बांधून घ्या की! पोरं रविवार सोडून आल्यात. ह्या पोरीच्या बापाचं मांडीचं हाड मोडलंय अशाच ट्रॉलीनं." मैत्रीण माझ्या शेजारीच तार धरून उभी होती. पप्पा तिच्याकडं वळले. "बाळ, पहिला माझ्या ट्रॉलीला बांध."

तिनं बांधला. घट्ट पीळ देऊन बांधला. मग पप्पा आमच्यापुढं रांगेतून चालत गेले आणि एकेकाला हाक मारत गेले. त्यांच्या शब्दाला तिथं मान होता, आमच्या बिल्ल्यांना नव्हता. मला त्याचं वाईट वाटलं नाही. काम पुढं सरकत होतं.

बैलगाड्यांची रांग वेगळी होती. मराठवाड्यातनं ऊस तोडायला आलेली कुटुंबं त्या गाड्या हाकत होती. एका बाईनं आमचं काम बराच वेळ बघितलं. गाडीला पत्रा बांधून झाल्यावर ती म्हणाली, "बाई, एक आमच्या कोपीला दे. रस्त्याच्या कडंलाच हाय. रात्री लेकरं दाराशी निजत्यात."

कोपी म्हणजे उसाच्या पाल्याची झोपडी. त्या झोपड्या आम्ही रोज एसटीतून बघत होतो. त्यात मुलं झोपतात, आणि भरधाव गाडी त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून जाते, हे आमच्या मनात कधी आलं नव्हतं. सरांनी आमच्याकडं बघितलं. कुणाला विचारायची गरज नव्हती. त्या दुपारी आम्ही त्या कोप्यांच्या वस्तीवर गेलो, रस्त्याच्या बाजूला बांबू रोवले आणि त्यांना पत्रे बांधले. पोरं आमच्या मागंमागं फिरत होती आणि अंधारून आल्यावर बॅटरी मारून पत्रा चमकवत होती.

जानेवारीत पन्हाळ्याकडच्या एका वळणावर ट्रॉलीला धडकून एक तरुण गेला. त्या ट्रॉलीला पत्रा नव्हता. आमच्यापर्यंत ती आलीच नव्हती. बातमी कळली त्या दिवशी मी सरांना म्हटलं, "आपण कितीही बांधले तरी पुरणार नाहीत."  सर काही बोलायच्या आत मैत्रीण म्हणाली, "मग काय थांबायचं? रविवारी येणार हाईस का न्हाईस तेवढं सांग."

"येतो," मी म्हटलं.

मग हंगाम संपेपर्यंत आमचा एकही रविवार रिकामा गेला नाही. दुसऱ्या दोन शाळांची मुलं आली. त्यांना पत्रा कसा वळवायचा ते उपमुख्यमंत्र्यानं शिकवलं, आणि शिकवताना तो माझ्यावर पण ओरडायला लागला, म्हणजे आमचं निवडणुकीपासूनचं भांडण मिटलं. आमच्या पत्र्यांमुळं किती जण वाचले ते मला सांगता येणार नाही. न झालेला अपघात कुणाला दिसत नाही.

मैत्रिणीचे वडील काठी घेऊन चालायला लागले. दूध घालायला आता तिचा चुलत भाऊ जातो. तिनं वर्ष वाया जाऊ दिलं नाही, नववी आणि मग दहावी माझ्याबरोबरच पास झाली. ती आता नर्सिंगला आहे, मी शहरात कॉलेजला.

नववीच्या त्या वर्षी, मार्चमध्ये, आमच्या मंत्रिमंडळाची शेवटची बैठक झाली. मुख्याध्यापक स्वतः आले होते. त्यांनी विचारलं, "पुढच्या मंत्र्यांना काय सांगायचंय?" भाषण करायचं म्हणून मी उभी राहिले, तेवढ्यात शेजारून उपमुख्यमंत्री म्हणाला, "सर, त्यांना आधी कारखान्यावर घेऊन जा. बोलायचं ते तिथं बोलूया." आणि पुढचे मंत्री ज्यांच्यातून होणार होते त्या आठवीच्या मुलांना भूगोलाच्या सरांनी त्याच रविवारी कारखान्यावर बरोबर घेतलं.