आत्याचा पहिला कॉटर

माझी आत्या चुकत नाही. हे कौतुक नव्हे, तक्रार आहे. यंत्रांच्या कारखान्यात लेथवर तिनं अडतीस वर्षं काढली आणि तिथं तिला सगळे 'मायक्रोमीटर' म्हणायचे. ती निवृत्त झाली तेव्हा कारखाना सुटला आणि आम्ही तावडीत सापडलो. आमच्या घरी आली की आधी दाराची बिजागरी तपासते, मग आमची खुशाली विचारते.

दोन वर्षांपूर्वी घर रंगवायला काढलं, तेव्हा जिन्याखाली जुन्या गाद्यांच्या मागे आजोबांची सायकल निघाली. आजोबा म्हणजे आत्याचे वडील. पाणीखात्यात मीटर वाचायचे, त्यामुळे सगळं गाव ह्याच सायकलवरून पालथं घातलेलं. दुसरं महायुद्ध संपून तीन वर्षं झाली होती तेव्हा घेतलेली. आता आजोबा चौऱ्याण्णव वर्षांचे आहेत आणि त्यांना डोळ्यांनी फक्त उजेड-अंधार कळतो. आम्ही मोठ्या उत्साहानं सायकल सापडल्याचं सांगितलं, तर ते म्हणाले, "ती कधीच भंगारात गेली. म्हाताऱ्याला बनवू नका."

आत्याला ते फार लागलं. "बनवतेय का मी? बाबांनी स्वतःच्या तोंडानं 'ही माझी' म्हटलं पाहिजे," ती म्हणाली, आणि सायकल उचलून मागच्या अंगणातल्या शेडमध्ये घेऊन गेली.

तिची एकच अट होती. प्रत्येक भाग ओरिजिनल हवा. आणि तिची ओरिजिनलची व्याख्याही कडक. जुना असून भागत नाही, दिसायला तसाच असूनही भागत नाही. ज्यानं पहिल्यांदा बनवला त्याच्याच हातचा हवा. एका मडगार्डसाठी तिनं तीन गावं पालथी घातली. बेलच्या झाकणासाठी एका निवृत्त पोस्टमनच्या अशी खनपटीला बसली की त्यानं शेवटी हात टेकले आणि स्वतःच्या सायकलची बेल काढून दिली.

हँडलवरून तर भांडणच झालं. गंजाखाली काळा रंग निघाला. कोपऱ्यावरचा सायकलवाला म्हणाला, "ताई, हे कोणीतरी मागाहून फासलंय. खरवडा आणि चकचकीत मुलामा द्या, आरशासारखं दिसेल." आत्या त्याच्याकडे अशी बघायला लागली की त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "युद्धानंतर मुलाम्याला निकेल कुठं मिळत होतं? त्या वर्षांत हँडल काळीच यायची. आरसा पाहिजे असेल तर भिंतीवर लाव." मी तिथंच उभा होतो. माझी छाती उगाचच दोन इंच फुगली, जसं काही मीच बोललो होतो.

पेडलचा दांडा सोडवला तेव्हा मात्र तिचा चेहरा पडला. त्या दांड्याला आसाशी घट्ट धरून ठेवते ती कॉटर पिन, बोटभर लांब आणि एका अंगानं उतरती घासलेली. हिचा उतार वाकडातिकडा होता.

"हे माझं पाप आहे," आत्या म्हणाली. "ट्रेनिंगचं पहिलं वर्ष. बाबांचा कॉटर तुटला आणि मी कानशीनं घासून हा करून दिला. लेथला हातही लागला नव्हता माझा तेव्हा. आयुष्यातलं पहिलं काम, आणि हे असं! बाबा तरी काय, बदलायचा ना नंतर." तिनं तो कॉटर भंगाराच्या डब्यात टाकला, लांबूनच आणि नेम धरून. पुढं चार महिने शोधून तिनं त्याच कंपनीच्या शिक्क्याचा, कागदात गुंडाळलेला कोरा कॉटर मिळवला.

सायकल तयार झाली तेव्हा मी तिच्याभोवती दोनदा फिरलो. हिरवी फ्रेम, काळं हँडल, काळ्या रिमा. आजोबांना फाटकाजवळ खुर्चीत बसवलं. सहासष्ट वर्षांची माझी आत्या गल्लीच्या टोकाला गेली, सायकलवर बसली आणि ताठ पाठीनं बेल वाजवत आली. चाकांचा आवाज असा मऊ, की कापड सरकल्याइतकाही नाही.

आजोबांनी कान टवकारले. "बेल ओळखीची आहे. सायकल दुसऱ्या कुणाची तरी आहे."

"बाबा, हात लावून बघा. तुमचीच आहे."

"माझी टकटक करायची," आजोबा म्हणाले. "पेडलच्या प्रत्येक फेरीला एकदा टक्. तू केलेला कॉटर होता ना त्यात. गल्लीत शिरलो की तुझी आई आवाज ऐकून चहाचं आधण ठेवायची."

"तो सैल होता, बाबा. बदलायचा ना!"

"का बदलू? दर रविवारी नट आवळायचो, दोन दिवसांत पुन्हा वाजायला लागायचा. ऑफिसात कुणी म्हणालं, अहो तेल घाला, तर मी म्हणायचो, ऐका नीट, माझ्या पोरीचं काम वाजतंय."

आत्या वळून शेडमध्ये गेली. भंगार केव्हाच गेलं होतं, तरी तिनं डबा उपडा करून पाहिला.

मग जे झालं ते कारखान्यातल्या लोकांना सांगितलं तर ते विश्वास ठेवणार नाहीत. मायक्रोमीटरला वाईट काम जमेना! पहिला कॉटर घासला, तो चोख बसला. दुसरा मुद्दाम वाकडा घासायला गेली, तर हातानंच तो सरळ केला. तिसरा इतका सैल की पेडलच डुगडुगायला लागलं. तीन दिवस गेले. चौथ्या सकाळी ती मला म्हणाली, "तू इथं दारात उभा राहा. पहिला कॉटर केला तेव्हा बाबा उभे होते तसा. आणि मला घाई कर."

मी ओरडायला लागलो. "आटप लवकर! मला कामावर जायचंय! मीटर वाचायचेत! झालं की नाही?" घाई करायच्या कामात मी वाकबगार आहे. आत्याच्या कपाळावर घाम आला, कानस सुटली, ती "थांबा हो बाबा!" म्हणाली आणि स्वतःच दचकली. कॉटर झाला होता.

आजोबा पुन्हा खुर्चीत बसले. ह्या वेळी बेल वाजली नाही. गल्लीच्या टोकाकडून आवाज आला. टक्. जरा थांबून, टक्.

आजोबा खुर्चीचे हात धरून उभे राहिले. तोंड आमच्या घराच्या दाराकडे वळवून, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "अगं, मी आलो!"

आत्या फाटकाशी उतरली. त्यांनी चाचपत आधी पेडल शोधलं, मग कॉटर, आणि त्यावर अंगठा ठेवून म्हणाले, "ही माझी." आत्या रडत होती, आणि मीही.

स्वतःचं रडणं लपवायला मला चेष्टाच सुचते. मी म्हटलं, "पण आत्या, कॉटर कुठं ओरिजिनल आहे?"

तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि काळ्या ग्रीसनं माखलेले दोन्ही हात माझ्यासमोर धरले.

"का? कारखाना तोच आहे की."