भजन थांबवलं कुणी?

मैत्रिणींनो, देवळातून आत्ताच घरी आले. अजून डोकं तापलेलं आहे.

गावात भजनी सप्ताह चालू आहे. सात दिवस भजन क्षणभरही थांबू द्यायचं नाही, हा नेम. दुपारी आम्हा बायकांची पाळी होती. पखवाजवाले आलेच नाहीत, म्हणून माझी सून सायली पखवाजावर बसली. काय सुरेख वाजवत होती!

तेवढ्यात देवळाचे मानकरी तात्या कडाडले, “गो, ठेव तो पखवाज खाली! बायलांनी टाळ वाजवूचे.”

पोरीने घाबरून हात काढला. आम्हीही गप्प झालो. भजन थांबलं!

वर तात्या म्हणतात, “बायलमाणसान पखवाजाक हात लावलो, आता माफी मागूक देवाक गाराणा घालूक व्हया.”

देवळात मी आजवर कधी उलट बोलले नव्हते. आज बोलले. “घाला, तात्यानू. पण देवाक खरा सांगा, भजन कोणी थांबवल्यान?”

तात्यांनी तोंड फिरवलं. मी सायलीला म्हटलं, “वाजव गो.”

उद्याही पखवाज तीच वाजवणार. तुमच्या गावात बायका देवळात पखवाज वाजवतात का? वाजवत असतील तर जरूर लिहा. तात्यांना मोठ्याने वाचून दाखवीन.