आंबिलीचं गाडगं

माझ्या सुनेला बेंबीपाशी हर्निया होता. खोकली की लिंबाएवढी गाठ बाहेर यायची. ती बोटानं आत ढकलायची आणि पुन्हा विड्या वळायला बसायची. डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन. एवढ्या चरबीत टाके टिकत नाहीत. सून जाडच होती. दिवसभर मांडीवर सूप, उठणं कशाला होतंय?

बचत गटात एक बाई आहाराविषयी बोलायला आल्या. लाल ज्वारीच्या सालीत चांगली द्रव्यं असतात, पीठ आंबवलं की ती अंगाला जास्त लागतात, चरबी कमी व्हायला मदत होऊ शकते, असं त्यांनी सांगितलं. हे उंदरांत दिसतं, माणसांचं अजून नक्की नाही, हेही सांगितलं. भाकरी कमी करा, चाला, म्हणाल्या. सुनेनं पहिलं तेवढं उचललं.

"आत्या, आंबील प्याली की चरबी झडती म्हणं."

"उंदराची झडती. तू उंदीर हायस व्हय?"

"तुमी गप बसा की. औषध हाय ते."

अक्कलकोटच्या बाजारातून लाल ज्वारी आणली. पीठ न चाळता गाडग्यात भिजवायची, आंबलं की शिजवून ताक घालायची. माझा मुलगा एक घोट घेऊन तोंड वाकडं करायचा. उरलेलं सगळं हिच्या वाट्याला, कारण आमच्यात आंबील यल्लम्मादेवीची. टाकायची नाही, घरच्या बाईनं संपवायची. माझ्या सासूनं संपवली, मीही संपवली. पण तेव्हा आमच्या पोटात दुसरं काही नसायचं. ही भाकरी खाऊन वर गाडगं रिकामं करायची.

"ओत की मोरीत," मी म्हणाले.

"देवीची हाय ती. कोप व्हईल."

"देवी काय तुझं वजन करायला येती?"

महिन्याभरानं ती दवाखान्यात काट्यावर उभी राहिली. वजन वाढलं होतं. ऑपरेशन पुढं ढकललं. दुसऱ्या दिवसापासून तिनं आंबील आणखी वाढवली.

मग एका सकाळी गाठ आत जाईना. काळीनिळी पडली, उलट्या सुरू झाल्या. आतडं अडकलंय, आता वजन बघत बसता येत नाही, असं म्हणून डॉक्टरांनी तिला आत नेलं. ती पुन्हा शुद्धीवर आली नाही.

सगळं आटोपून घरी आलो. गाडगं भरलेलंच होतं, वर फेस आला होता. शेजारीण म्हणाली, "टाकू नगा, देवीची हाय."

मी गाडगं उचललं आणि मोरीत ओतलं.