गावची मावशी

"आपलं काय जातंय?" हे तिचं ठरलेलं वाक्य. सुपरवायझर खेकसला की झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकवून ती त्याचं पुरतं ऐकून घ्यायची. तो वळला की म्हणायची, "वरडू दे. आपलं काय जातंय?"

रोह्याच्या एका कंपनीत आम्ही दोघंही ठेकेदाराकडे कामाला. वरसे गावामागच्या आदिवासी वाडीवरून ती चालत यायची. आम्ही सगळे तिला आये म्हणायचो. मी गेटवर युनियनची पत्रकं वाटायचो. तिला वाचता येत नसे, तरी एक घ्यायची. "लय तापतोस रं. जेवलास का?"

मशिनं दुरुस्तीला बंद ठेवतात त्या शटडाऊनची सुट्टी पडली तेव्हा आम्ही कामगार गाडी करून मुंबई बघायला निघालो. आयेला मुंबई बघायची नव्हती. तिची लेक वरळीला एका घरी राहून मूल सांभाळायची. दोन शिमगे ती वाडीवर आली नव्हती. "फोनवर नाय म्हनते," आये म्हणाली. "समोर बघून नाय म्हननार नाय."

मी तिच्यासोबत उतरलो. ते टॉवर तुम्हीही पाहिले असतील. वरून समुद्र दिसतो, पायथ्याच्या झोपड्या दिसत नाहीत. रखवालदाराने आत सोडलं नाही. मुलगी संध्याकाळी बाळाला खाली आणते, म्हणाला. आम्ही फाटकाबाहेर फुटपाथवर बसून राहिलो.

लेक बाबागाडी ढकलत आली. बरोबर मालकीणबाई. आये लगबगीने उठली. पोर जागीच थिजली.

"कोण गं या?" बाईंनी विचारलं.

"गावची मावशी."

आयेने लेकीकडे नीट पाहिलं. मग हसून म्हणाली, "शिमग्याला वाडीवर ये गो."

"तिकडे आता तिचं कोण आहे?" बाई म्हणाल्या. चांगल्या मनाने म्हणाल्या, तेच मला अजून सहन होत नाही.

मी तोंड उघडलं. आयेने माझं मनगट घट्ट धरलं.

"व्हय," ती म्हणाली. "कोन नाय."

मागे कुणी नसलेली मुलगी सुट्ट्या मागत नाही, म्हणून त्या घराला तशीच हवी होती, आणि पोरीने तसंच सांगितलं होतं. स्वतःचं मूल सांभाळायला दुसऱ्याचं मूल पोरकं लागतं, असं हे शहर. परतताना मी हे सगळं गाडीत ओरडून सांगितलं. आये खिडकीबाहेर बघत होती. "अंगानं भरलीय," एवढंच म्हणाली. "पोटभर खातेय."

पावसाळ्यात आये तापाने गेली. लेकीला फोन मी केला. पलीकडे बाळ रडत होतं. लेक दबक्या आवाजात म्हणाली,

"बाईंना काय सांगू, कोन गेलं?"